मीठ कोण चाखतं?

मंगळवार पेठ, कोल्हापूर
९ फेब्रुवारी १९९७

चि. शालू,

आशीर्वाद. अक्षर ओळखलंस का? तुझ्या निबंधाच्या वहीत लाल शाईनं उमटायचं तेच हे, फक्त आता जरा थरथरतं. मी हंबीरराव, आठवी ते अकरावी तुला मराठी शिकवणारा. पत्ता तुझ्या भावाकडून घेतला. तो म्हणाला, मालवणात एसटी स्टँडासमोर तुझी खानावळ आहे आणि रोज सकाळी मासळी घ्यायला तू स्वतः जातेस. ऐकून मला अचंबा वाटला. आमच्या गल्लीतली, ताकसुद्धा नाक मुरडून पिणारी पोरगी ती हीच का?

आता कामाचं. तुझ्या काकीला, आमच्या तानाबाईला, जानेवारीत हृदयविकाराचा झटका आला. आठ दिवस दवाखान्यात होती. घरी आली आहे, पण खोलीतल्या खोलीत चालली तरी दमते. डॉक्टरांनी मटण बंद केलं. तेल-तूप कमी, मीठ अगदी नावाला. "मासे द्या," म्हणाले, "मासा हृदयाला चांगला. पण नीट निवडून द्या." कुठला निवडू, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता. निघताना मला एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं, की दुसरा झटका आला तर हे हृदय पेलणार नाही. हे तिला ठाऊक नाही. तुला म्हणून लिहितो.

तीस वर्षं मी वर्गात समुद्राच्या कविता शिकवल्या. लाटा, गलबतं, ओल्या वाळूतली पावलं, सगळं फळ्यावर आणलं. त्यातल्या एकाही कवीनं मासा कुठला खावा, ते सांगितलेलं नाही. आणि आमचं घर कसलं, ते तुला माहीत आहे. रविवार म्हणजे मटण, तांबडा आणि पांढरा रस्सा, आणि तो तानाबाईच्याच हातचा. मासा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही.

मुलगा-सून नाशकात नोकरीला. पंधरा दिवस येऊन राहिले आणि गेले. स्वयंपाक आता माझ्याकडे. आजवर मी फक्त चहा उकळला होता, तोही ती माहेरी गेली तरच.

तर मला सांग: कुठला मासा? तो चांगला कसा ओळखायचा? शिजवायचा किती? आणि जाता जाता, हे माझं स्वतःचं कुतूहल: मासे झोपतात का? बांगड्याच्या पाठीवर म्हणे रेघा असतात. गिरवायच्या पाटीसारख्या असतात का गं?

तुझा,
हंबीरराव सर


मालवण
१८ फेब्रुवारी १९९७

सर,

पायावर डोकं ठेवते. तुमचं पत्र पोस्टमननं गल्ल्यावर आणून दिलं आन् मी चपापून उभीच राहिले. वाटलं, पंचवीस वर्षांनी तपासलेली वही परत आली! गिऱ्हाईक म्हणतंय, "वहिनी, सोलकढी." म्हटलं, थांबा वो, माझे सर आल्यात.

काकींचं वाचून वाईट वाटलं. पण सर, तुम्ही मला प्रश्न विचारलाय! कवितेचं रसग्रहण आलं न्हाय म्हणून तुम्ही मला बाकावर उभी केलेली. आता मी विचारणार आन् तुम्ही उभं ऱ्हायचं.

तर लिहून घ्या. बांगडा घ्या, न्हायतर तारली. दोन्ही बारके आन् अंगात तेल असणारे. हितले डॉक्टर माझ्या सासऱ्यांना हेच सांगत हुते, की ह्या माशाचं तेल रक्ताला चांगलं. पापलेट-सुरमईच्या मागं लागू नका, ते पाव्हण्यांपुढं मिरवायला. कोलंबी कधीतरी. तळून तर अजिबात न्हाय, तळला की सगळं पुण्य कढईत जातं.

ओळखायचा असा: कल्ला उचलून बघा, आत लालभडक पायजे. डोळा फुगीर आन् चकचकीत. बोटानं दाबला तर खड्डा ऱ्हाता कामा नये.

करताना आमसूल घाला. आंबट असलं की जीभ मीठ मागत न्हाय. ही युक्ती माझ्या सासूची.

मासे झोपतात, पण डोळं मिटत न्हाईत. त्यांना पापणीच न्हाय. आन् बांगड्याच्या रेघा वाकड्यातिकड्या, माझ्या अक्षरागत. तुम्ही बघूनच शेरा द्या.

तुमची,
शालू


कोल्हापूर
५ मार्च १९९७

चि. शालू,

पापणीच नाही! हे वाचून मी दोन दिवस दुसरं काही वाचलं नाही. झोपेतही ज्याला जग दिसतं, तो स्वप्नं कुठं ठेवत असेल?

असो. परीक्षेचा निकाल कळवतो. मासळी बाजारात धोंडुबाई म्हणून विक्रेती आहे. तुझं पत्र हातात धरून मी एकेक बांगडा दाबत होतो, कल्ले उचलत होतो. ती म्हणाली, "पावणं, मासा घेताय का नाडी बघताय? मेलंय त्ये, मी सांगती की!" पाचवा बांगडा तुझ्या तिन्ही कसोट्यांना उतरला. त्याच्या रेघा पाहिल्या. शेरा: अक्षर वळणदार, पण ओळ सोडून लिहिलेलं.

घरी आणला आणि तानाबाईला मटण करताना पाहिलं होतं तसंच केलं. खोबरं, मसाला, आणि कुकरला चार शिट्ट्या. झाकण उघडलं तर आत मासा नव्हता. काटे होते आणि तांबडा रस्सा होता. तानाबाई पलंगावरून म्हणाली, "अहो, मासा पोहत परत गेला की काय?" झटका आल्यापासून ती पहिल्यांदा हसली. त्या हसण्यासाठी मी आणखी चार बांगडे बुडवायला तयार आहे.

शेजारच्या रत्नव्वांनी मात्र खिडकी लावून घेतली. लिंगायत घर, त्यांना वास सोसत नाही. "मास्तर, शिजतंय काय आज, का घुशी मेल्यात?" असं ओरडल्या, आणि संध्याकाळी गरम ज्वारीच्या भाकरी पण त्यांनीच आणून दिल्या. दाराबाहेरूनच.

एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात होती तेव्हा मी जोतिबाला बोललो आहे, ती पूर्ण बरी होईस्तोवर वशाट जिभेला लावणार नाही. मटण नाही, मासा नाही, रश्शाचा थेंबही नाही. त्यामुळे मी फक्त शिजवतो. जेवते ती.

तुझा,
हंबीरराव


मालवण
१४ मार्च १९९७

सर,

खानावळीत तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. आमचा आचारी हसून हसून पातेल्यात पडायचा राह्यला.

अहो, मासा म्हणजे काय बोकड हाय? रस्सा आधी उकळून घ्यायचा, मग मासा सोडायचा, आन् तुमची सगळ्यात लांब कविता म्हणून होईस्तोवर शिजतोय. ढवळायचं न्हाय, पातेलंच हलवायचं.

नवसाचं वाचलं. देवाच्या आड मी येत न्हाय. पण सर, तुम्ही चाखत न्हाय, तर मीठ कोण चाखतं? स्वयंपाक करणाऱ्याच्या जिभेवर न्हाय तर मग कुणाच्या भरवशावर? ह्याचं उत्तर द्या, टाळू नका. मार्क कापीन.

शालू


कोल्हापूर
२० मे १९९७

चि. शालू,

मीठ तीच चाखते. मी वाटीत थोडं देतो, ती "बरोबर हाय" म्हणते आणि प्रश्न मिटतो. चाळीस वर्षं ज्या जिभेनं माझं घर चालवलं, तिच्यावर भरवसा ठेवू नको तर कुणावर? मार्क पूर्ण दे.

आता आनंदाची बातमी. आठवड्यातून दोनदा बांगडा, एकदा तारली, आमसुलात. कविता म्हणून वेळ मोजतो. बांगड्याला सोळा कडवी लागतात, तारलीला नऊ. तानाबाई आता गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन येते. परवा डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "काय करता काय तुम्ही?" मी छाती काढून सांगितलं, "निवडून देतो." त्यांना ते आपलेच शब्द आहेत, हे आठवत नव्हतं.

मी चार ओळीही केल्या आहेत. हसू नकोस:

घाटाखाली निळे पाणी, घाटावरती चूल,
मध्ये येतो बर्फामधुनी रुपेरी पाऊल;
पाऊल कसले, मासा तो, पण आला माझ्या दारी,
तिच्या उरातिल दमलेल्याला देण्या जरा उभारी.

दुसरी ओळ सैल आहे, मला ठाऊक आहे.

धोंडुबाई म्हणते, आता पंधरा दिवसांनी ताजं येणं बंद होईल. पावसात बांगडे जातात कुठं? आणि तुम्ही किनाऱ्यावरची माणसं तेव्हा काय खाता?

तुझा,
हंबीरराव


मालवण
४ जून १९९७

सर,

घाईत लिहितेय. लेकीच्या बाळंतपणाला देवगडला निघालेय, पिशवी दारात हाय. जुलै संपेपर्यंत तिकडंच. पत्र हितंच टाका, आल्यावर वाचीन.

बांगडे जात न्हाईत कुठं, माणसंच जात न्हाईत. समुद्र खवळलेला, होड्या वर ओढून ठेवल्यात, नारळी पौर्णिमेला उघडणार. माशांची अंडी-पिल्लं ह्याच दिवसांत, म्हणून पण सोडायचं. तवर आम्ही सुकं खातो. खारे बांगडे, सुकट, उन्हाळ्यातच डबे भरून ठेवतो.

ओळी झकास. दुसरीला काय हुतंय, चालतंय की.

शालू


कोल्हापूर
२ जुलै १९९७

चि. शालू,

लेक सुखरूप मोकळी झाली असेल. नातू की नात, कळव.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सुके बांगडे आणले. आठवड्याच्या बाजारात ढीग लागलेले असतात, मी इतकी वर्षं नाक दाबून पुढं जायचो. आता थांबून पाहिले. काय देखणे असतात गं! मधोमध चिरून उघडलेले, पुस्तकासारखे. आणि अंगावर बारीक पांढरी चमक, जणू चांदण्यात वाळत घातले आणि चांदणं अंगालाच चिकटून राहिलं. ती चमक जाऊ नये म्हणून मी धूतही नाही. तव्यावर भाजतो, भाकरीबरोबर देतो. तेल नाही, रस्सा नाही, मिठाचा कण मी घालत नाही. शिवाय हे घरात असतात, बाजारच्या दिवसाची वाट बघायला नको. म्हणून आता एक दिवसाआड देतो. औषध जितकं नियमित तितकं बरं.

रत्नव्वा म्हणतात, "आधीचा मासा बरा हुता वो मास्तर, ह्याच्या वासानं आमचा देव उठून जाईल."

तानाबाईला जरा धाप लागते अलीकडे, पाणीही फार मागते. हवा कोंदट आहे, त्यानं असेल. चालणं पावसामुळं बंदच आहे.

एक कोडं सोडव. समुद्राचं पाणी खारट. मासा जन्मभर त्यात राहतो. तरी तानाबाई म्हणायची, ताजा बांगडा गोडसर लागतो. खाऱ्या पाण्यात राहून तो खारट कसा होत नाही? पुस्तकात कुठं सापडलं नाही.

तुझा,
हंबीरराव


तार
मालवण, १ ऑगस्ट १९९७

खारे बांगडे ताबडतोब बंद करा. सगळे मीठ आहे. काकींना आजच डॉक्टरकडे न्या. शालू


कोल्हापूर
११ ऑगस्ट १९९७

चि. शालू,

तार आली तेव्हा दाराला कुलूप होतं. रत्नव्वांनी ती दवाखान्यात आणून दिली. तोवर मला कळलं होतं.

सव्वीस जुलैला सकाळी तिचे पाय सुजलेले रत्नव्वांनी पाहिले. मी रोज समोर असून पाहिले नव्हते, माझं लक्ष ताटात होतं. दुपारी तिला आडवं होता येईना. छातीत पाणी झालंय, रक्तदाब वर गेलाय, असं डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "मीठ किती खातात?"

मी म्हणालो, "मीठ मी घालतच नाही."

"लोणचं? पापड?"

"घरात नाहीत."

"मग जेवतात काय?"

"मासा," मी सांगितलं. शालू, अजून अभिमानानं सांगितलं. "एक दिवसाआड. मालवणच्या पद्धतीनं." शेजारी इंजेक्शन भरणारी नर्स होती, तिनं विचारलं, "कसला मासा, आजोबा?" मी वर्णन केलं. पुस्तकासारखा उघडलेला, अंगावर पांढरी चमक. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती चमक मीठच आहे," म्हणाले.

त्या मिठाला मी चांदणं म्हणालो होतो.

तीन दिवस ती बसूनच होती, झोपताच येत नव्हतं. मी बाकावर बसून राहिलो. इतक्या कविता पाठ आहेत, एक आठवली नाही. आता ऑक्सिजन काढला आहे, सूज उतरते आहे. पण डॉक्टर अजून "बघू" म्हणतात.

एक गोष्ट समजत नाही. इतकं मीठ तिला जिभेवर कळलं नसेल? रोज विचारायचो, रोज "बरोबर हाय" म्हणायची. आजारानं चव गेली असेल का? तुला काही माहीत आहे का असं?

घरी आली की डबा लावणार आहे. पोळी-भाजीचा, बिनवशाटाचा. माझ्या हातचं तिला मी आता देणार नाही. तुझा मासा चांगला होता. निवडणारा चुकला.

हंबीरराव


मालवण
२० ऑगस्ट १९९७

सर,

परवा नारळ सोडला आन् हात जोडून काकींसाठी मागितलं.

चुकला निवडणारा एकटा न्हाय. "आम्ही सुकं खातो" असं मीच लिहून ठेवलं आन् पिशवी उचलून निघाले. आम्ही खातो म्हंजे रात्रभर भिजवून, दोन पाण्यांनी धुऊन, जेवताना बोटभर तोंडी लावायला. हे पोराबाळांस्नी ठाऊक असतंय हितं, म्हणून लिहावं असं डोक्यातच आलं न्हाय. तुम्ही घाटावरचे, आजारी माणसाचं ताट वाढणारे, हे मी इसरले. देवगडहून आले, तुमचं जुलैचं पत्र फोडलं, आन् "धूतही नाही" वाचलं. तशीच तारघरात गेले.

चवीचं म्हणाल तर झटक्यानं जीभ मरते, असं मी तरी ऐकलं न्हाय. मला काय वाटतं ते लिहीत न्हाय. तुम्ही काकींनाच विचारा. खरं काय ते सांगा म्हणावं.

आन् डबा लावायचं डोक्यातनं काढा. एक धडा चुकला म्हणून तुम्ही कुणाला शाळेतनं काढलं न्हाय कधी. ताजा मासा काकींना मानवला हुता, ते डॉक्टरांनीच बघितलंय. त्यांना विचारून परत चालू करा. पावसात समुद्राचा नसला तर राधानगरीच्या धरणातला गोड्या पाण्यातला मिळतो तुमच्याकडं, तो चालतोय.

तुमचं कोडं: आमच्या हितल्या शाळेतले सायन्सचे मास्तर जेवायला येतात, त्यांना विचारलं. मासा खारं पाणी पितो, पण जादा मीठ कल्ल्यांतनं भाईर टाकत ऱ्हातो, जन्मभर. मेल्यावर टाकायचं थांबतं. मग आपण वरनं चोळतो ते त्याच्यातच ऱ्हातं.

शालू


कोल्हापूर
२० आक्टोबर १९९७

शालूबाईस तानाबाईचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली हाय. अक्षर बघून हसू नको. ह्यांना लिहा म्हटलं तर म्हणाले, तूच सांग, मला न्हाय लिहवत. म्हणून कागद घेतला.

मी आता बरी हाय. डाक्टर म्हणाले काळजीतनं बाहेर हाय. पायाची सूज गेली. दसऱ्याला रत्नव्वाच्या घरात सोनं द्यायला माझ्या पायानं गेलते.

दवाखान्यातनं आल्यावर ह्यांनी डबा लावला. दोन म्हयनं काय बोलायचं न्हाईत. कविता न्हाय, काय न्हाय. ताट पुढं ठेवायचं आन् भिंतीकडं बघत बसायचं. तू लिहिलंवतंस मला विचारा म्हणून, पण त्यांनी विचारलं न्हाय. भ्यालते. शेवटी मीच सांगितलं.

मला कळत हुतं गं. जीभ माझी चांगली हाय. खरं सांगू का, पहिलं दोन दिवस ग्वाड लागलं. सहा म्हयनं अळणी खाऊन जीव इटला हुता. तिसऱ्या दिवशी जीभ भाजाय लागली. पाणी पिऊन पिऊन गिळायची. पण ह्यो माणूस पदर खोचल्यागत धोतर खोचून, डोळ्याला धूर लावून माझ्यापुढं ताट ठेवायचा आन् विचारायचा, बरोबर हाय का. चाळीस वर्षं मी ताट वाढलं, मला कुणी विचारलं न्हवतं, की तू जेवलीस का. आता विचारतोय तर खारट हाय म्हणून कसं सांगू? मला वाटलं सांगितलं तर थांबंल. मीठ काय, आज न्हाय उद्या कमी पडंल, असं म्हणायची मनात. ते छातीत जाऊन बसतंय हे मला काय ठावं. दुसऱ्या झटक्याचं पण मला कुणी सांगितलं न्हवतं, ते दवाखान्यात कळलं. त्यांनी माझ्यापास्नं लपवलं, मी त्यांच्यापास्नं.

हे सांगितलं तर म्हातारा रडला. पोरासारखा. मग मी म्हटलं, रडू नका, उद्या बाजारला जावा.

न्हाय म्हणाले. मी नवस बोललोय, चाखता येत न्हाय, आन् न चाखता मी आता देणार न्हाय. मी म्हटलं, नवस मी बरी हुईस्तवर हाय न्हवं? मग मी बरी झाले. डाक्टर म्हणाले, मी म्हणतेय, आता देव म्हणतोय का बघा. तुमच्या जिभेला लागल्याबिगर मी घास घेणार न्हाय, आजपास्नं, कधीच. मग काल हे जोतिबाला जाऊन नारळ ठेवून आले. मी पायथ्याला गाडीत बसले.

आज बांगडा आणला. ताजा. धोंडुबाई म्हणाली म्हणे, मास्तर लई दिवसांनी, कुणाची नाडी बघाय गेलता? आमसूल घालून केला. कविता म्हणायला लागले पातेल्यापाशी, पहिल्यांदा बारीक आवाजात. मी आतनं ऐकत हुते. मध्येच इसरले, परत पहिल्यापास्नं म्हणाले. मासा थोडा जादा शिजला त्यानं.

ताट वाढलं. मी हात जोडून बसले, घेईना. मग त्यांनी चिमटीनं एक तुकडा काढला, काटा बघितला, डोळं मिटलं आन् तोंडात घातला. जल्मात पहिला मासा. लई वेळ चावत हुते.

मी म्हटलं, कसं झालंय?

म्हणाले, अळणी हाय.

मी ताट पुढं वडलं आन् म्हटलं, व्हय, अळणीच हाय. बसा, आपण दोघं खाऊ.

तानाबाई